सायमनभोवतीच्या त्या रिंगणात राल्फही होता

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत विल्यम गोल्डिंगच्या ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’ या कादंबरीवर अर्धं पान लेख छापलात, त्याबद्दल आधी आभार. मी बावीस-तेवीस वर्षं इंग्रजी शिकवलं. त्यातली काही वर्षं ही कादंबरी वर्गात वाचून घेतली, त्यामुळे लेख आवडीनं वाचायला घेतला. पण बेटावर अडकलेल्या शाळकरी मुलांमधल्या जॅकच्या रानटी टोळीनं सायमन या मुलाला मारलं आणि राल्फ-पिगी हे दोघं सभ्यतेच्या बाजूनं शेवटपर्यंत उभे राहिले, अशा अर्थाच्या वाक्यापाशी आले आणि तिथेच थबकले. दुसऱ्या एका ठिकाणी आकड्याचीही चूक आहे, पण ते शेवटी सांगते.

सायमनला मारणाऱ्या रिंगणात राल्फ होता. पिगीही होता. ही बारीकसारीक दुरुस्ती नाही, हे सुटलं तर कादंबरीच हातातून सुटते.

विल्यम गोल्डिंग हा सॉल्झबरीच्या एका शाळेत शिकवणारा मास्तर. दुसऱ्या महायुद्धात तो नौदलात होता, नॉर्मंडीच्या किनाऱ्यावरच्या चढाईत त्याच्या हाताखाली एक रॉकेटनौका होती. तिथून परतून पुन्हा वर्गावर उभा राहिला आणि 1954 साली ही कादंबरी आली. युद्धातून सुरक्षित जागी नेली जाणारी इंग्रज मुलं विमान पडून निर्जन बेटावर अडकतात, सोबत एकही मोठं माणूस नाही, ही गोष्ट लेखात आलीच आहे. ती पुन्हा सांगत नाही. लेखातला निष्कर्ष मात्र असा की मोठ्यांचा धाक गेला, शिस्त सुटली आणि आतलं जनावर बाहेर आलं. आम्ही शिक्षकही वर्षानुवर्षं हेच फळ्यावर लिहून देत आलो, परीक्षेत त्याला पैकीच्या पैकी मार्कही दिले. पण पुस्तक उघडून बघा. बेटावरची सगळ्यात शिस्तबद्ध मुलं कोण? जॅकची गायक मुलं. भर उन्हात काळे झगे आणि टोप्या घालून दोन रांगांत कवायत करत ती पहिल्यांदा आपल्यासमोर येतात, आणि नायकाच्या हुकमाशिवाय बसतसुद्धा नाहीत. त्यांच्यातलाच सायमन तिथे चक्कर येऊन पडतो. पुढे शिकारी होतात ते हेच. शिवाय त्यांना जॅकच्या ताब्यात कोण देतं? राल्फच. नायकपदाच्या निवडणुकीत जॅक हरला, त्याचा चेहरा पडला, म्हणून त्याची समजूत काढायला राल्फ म्हणतो की गायक मंडळी तुझीच, त्यांचं काय करायचं ते तू ठरव. तेव्हा शिस्त कुठेच गेली नव्हती, फक्त तिला नवं काम मिळालं होतं.

हिंसा या कादंबरीत एकदम येत नाही, अंतरा-अंतरानं जवळ येते. पहिल्या प्रकरणात वेलींत अडकलेलं डुकराचं पिल्लू जॅकच्या सुरीखाली असतं, पण हात खाली येत नाही. जिवंत मांसात पातं घुसवायचं, रक्त बघायचं, हे त्याला पेलत नाही. पिल्लू पळून जातं आणि जॅक लाजेनं झाडाच्या बुंध्यात सुरी खुपसतो. चौथ्या प्रकरणात त्यानं डुकराचा गळा चिरलेला असतो, तो ते फुशारकीनं सांगतो, पण सांगताना अंग शहारतंच. पुढे तेही थांबतं.

पण मला जॅकपेक्षा त्याच्या टोळीतला रॉजर महत्त्वाचा वाटतो. लेखात त्याचं नाव ओझरतं आलंय. हेन्री नावाचं एक लहान पोर वाळूत खेळत असतं आणि रॉजर झाडाआडून त्याच्या दिशेनं दगड टाकत असतो, तेही मुद्दाम नेम चुकवून. हेन्रीभोवती साधारण सहा यार्डांचं एक न दिसणारं रिंगण आहे, त्याच्या आत दगड टाकायची रॉजरची छाती होत नाही. आईबाप, शाळा, पोलीस, कायदा हे सगळं त्या रिंगणात उभं आहे, बेटावर त्यातलं काहीही नसताना. हा परिच्छेद मी वर्गात नेहमी दोनदा वाचून घ्यायची. पुढे अकराव्या प्रकरणात जॅकच्या टोळीच्या ठाण्यावर, म्हणजे किल्ल्याच्या खडकावर, तोच रॉजर जुळ्या भावांच्या मधोमध पुन्हा एक छोटा दगड टाकतो, तोही नेम चुकवूनच. आणि त्यानंतर थोड्याच वेळात तो तरफेवर सगळं वजन टाकून प्रचंड शिळा खाली ढकलतो. वरून पाहताना त्याला पिगी माणूस दिसतच नाही, चरबीचं गाठोडं दिसतं. पिगीच्या हातातल्या, सभा बोलवायच्या शंखाचे हजार तुकडे होतात, पिगी चाळीस फूट खाली आपटतो.

हेन्रीच्या दिशेनं टाकलेला दगड आणि ही शिळा यांच्या मधे काय घडलं, तर खेळ घडला. आधी मातीचे आणि कोळशाचे पट्टे ओढून तोंड रंगवलं, ते डुकरांना दिसू नये म्हणून. मग लक्षात आलं की रंगामागे लाजही लपते. शिकारीनंतर गाणं आलं, मारा, गळा चिरा, रक्त सांडा. गाण्याबरोबर नाच आला आणि नाचात कोणीतरी डुक्कर व्हायचं. सातव्या प्रकरणात रॉबर्ट डुक्कर होतो, खेळ रंगतो, पोरगं खरोखर कळवळून ओरडायला लागतं. त्या घोळक्यात राल्फ आहे आणि ते उघडं अंग हाताखाली दाबावं, दुखवावं अशी ओढ त्यालाही आवरत नाही. खेळ संपल्यावर कोणीतरी म्हणतं की खरं डुक्कर हवं, मारता येईल असं. जॅक म्हणतो, मग एखादं लहान पोर घ्या की. आणि सगळे हसतात. माझ्या मते कादंबरीतली सगळ्यात भीतिदायक जागा ही आहे. इथे रक्ताचा थेंब नाही, नुसतं हसू आहे.

आता सायमन. मुलं ज्याला घाबरून असतात तो डोंगरावरचा ‘राक्षस’ म्हणजे पॅराशूटला अडकून कुजलेलं एका वैमानिकाचं प्रेत आहे, हे फक्त त्याला कळलेलं असतं आणि तेच सांगायला तो अंधारातून येत असतो. खाली मेजवानी झालेली असते. राल्फ आणि पिगीनंही मांस खाल्लेलं असतं. वीज कडाडायला लागते, नाच सुरू होतो, आणि भीतीपोटी हे दोघंही त्या वेड्या पण ऊबदार गर्दीत जागा धरतात. सुरुवातीला डुक्कर झालेला रॉजर नाच भरात आल्यावर शिकारी होतो, त्यामुळे रिंगणाचा मध्य रिकामाच राहतो. गोल्डिंगनं हा रिकामा मध्य आवर्जून दाखवलाय. रिंगण तयार आहे, गाणं तयार आहे, फक्त मधे कोणी नाही. तेवढ्यात झाडीतून सरपटत सायमन येतो. हेन्रीच्या रिंगणात कोणाला शिरता येत नव्हतं, या रिंगणातून कोणाला बाहेर पडता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळचा संवाद तर प्रत्येकानं मोठ्यानं वाचावा. राल्फ म्हणतो, तो खून होता. पिगी म्हणतो अंधार होता, पाऊस होता, आपण घाबरलो होतो, तो अपघात होता. मग म्हणतो की त्यानं असं अंधारातून सरपटत यायचंच कशाला, तो वेडाच होता, ओढवून घेतलं त्यानं. मग म्हणतो आपण तर कडेलाच होतो, आपण काही पाहिलं नाही. तेवढ्यात जुळे भाऊ येतात. एकाच्या कपाळावर ओरखडा, दुसऱ्याचा ओठ फुटलेला, आणि ते सांगतात की आम्ही दमलो होतो, लवकर निघालो. बेटावरचं सगळ्यात शहाणं डोकं पिगीचं, आणि सबबींचा हा सगळा साठाही त्याच डोक्यातून निघतो.

आपल्या मराठीत या गोष्टीची चांगली सोय आहे. काच ‘फुटते’ आणि कोणी ‘फोडतो’, आग ‘लागते’ आणि कोणी ‘लावतो’, माणूस ‘मरतो’ आणि कोणी त्याला ‘मारतो’. वर्गात मी मुलांना प्रत्येक मृत्यूसाठी क्रियापद निवडायला सांगायची. पिगीपाशी सगळे एकमतानं ‘मारला’ म्हणत. सायमनपाशी वर्ग फुटायचा. अर्धी मुलं ‘मेला’ म्हणायची, का ते विचारलं की गप्प बसायची. जी. ए. कुलकर्णींनी ही कादंबरी मराठीत आणली आहे. ती हाताशी असेल त्यांनी हीच जागा तिथेही वाचून पाहावी.

थोडं विषयांतर. ‘पिगी’ म्हणजे डुक्कर, हे नाव त्या मुलाला नको असतं. तो पहिल्याच दिवशी राल्फला विश्वासानं सांगतो की काहीही म्हणा, फक्त ते नको, आणि राल्फ थोड्याच वेळात सगळ्यांसमोर ते जाहीर करतो. खरं नाव त्याला शेवटपर्यंत कोणी विचारत नाही, वाचकालाही कळत नाही. ज्या बेटावर डुकरं मारतात तिथे हे नाव घेऊन तो वावरतो. मी हा मुद्दा रंगवून शिकवत असे. एका वर्षी असाच तास चालू असताना मागच्या बाकावरच्या मुलाला प्रश्न विचारला, तो वर्गात सगळे मारायचे त्या टोपणनावानं. हजेरीपटावर त्याचं नाव मी रोज वाचत होते. कोणी हसलं नाही, कारण कोणाच्या लक्षातच आलं नाही. तो उठला आणि उत्तर दिलं, बरोबर होतं.

लेखाच्या शेवटी प्रशांत महासागरातल्या टोंगा या बेटांच्या देशातल्या सहा मुलांचा दाखला देऊन गोल्डिंग खोटा पडला असं सुचवलंय. 1965 मध्ये वसतिगृहातून पळालेली ती मुलं आटा बेटावर पंधरा महिने गुण्यागोविंदानं राहिली, एकाचा पाय मोडला तर बाकीच्यांनी बांधून बरा केला. घटना खरी आहे आणि सुंदर आहे. पण ती सहा मुलं आधीपासूनची मित्र होती, त्यांच्यात जॅकच्या गायक मुलांसारखं कोणी सैन्य म्हणून आलं नव्हतं. शिवाय गोल्डिंग बेटावर काय होतं एवढंच सांगत नव्हता. शेवटी येणारा पांढऱ्याशुभ्र गणवेशातला नौदल अधिकारी मुलांना बघून म्हणतो की इंग्रज पोरांकडून जरा बरी अपेक्षा होती. त्याच्यामागे किनाऱ्यावर होडी आहे, तिच्यात बंदूक घेतलेला खलाशी आहे आणि दूर त्याची युद्धनौका, तीही शिकारीलाच निघालेली. सुसंस्कृत जगानं मुलांची सुटका केली, हे लेखातलं वाक्य या चित्राशेजारी ठेवून पाहावं.

आता आकडा. लेखात बेटावर दोन मुलांचा मृत्यू झाला असं छापलंय. ही चूक लेखकाची एकट्याची नाही. तो अधिकारी विचारतो, कोणी मेलं तर नाही ना? आणि राल्फ उत्तर देतो, दोघंच. पण दुसऱ्या प्रकरणात मुलांनीच उत्साहानं पेटवलेली आग रानात पसरते. त्यानंतर चेहऱ्यावर तुतीच्या रंगाचा डाग असलेलं एक लहान पोर, ज्यानं सगळ्यात आधी राक्षसाची भीती बोलून दाखवली होती, ते पुन्हा कोणाला दिसत नाही. त्याचंही नाव कोणाला माहीत नव्हतं. राल्फच्या मोजणीत तो नाही. पुढच्या अंकात दुरुस्ती छापणार असाल, तर तीन लिहावं.

आपली,
एक नियमित वाचक (निवृत्त शिक्षिका), मिरज