नव्या इमारतीच्या चित्रात छप्पर कुठे आहे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात विद्यापीठाच्या आवारातल्या नव्या इमारतीची बातमी आणि तिचे रंगीत चित्र पाहिले. भूमिपूजनाला कोण कोण हजर होते, कुदळ कुणी मारली, हे सगळे बातमीत सविस्तर आहे. चित्रात समोरून काचा आहेत, रुंद पायऱ्या आहेत, हिरवळ आहे, वर निळे आभाळ आहे. छप्पर मात्र नाही. सपाट स्लॅब आणि त्याच्या चारी कडांनी कमरेएवढी भिंत, एवढेच. खिडक्यांवर धड वीतभर छज्जासुद्धा काढलेला दिसत नाही. हे चित्र ज्यांनी मंजूर केले त्यांनी जुलै महिन्यात आपल्या भागात एक दिवस तरी काढला आहे का, असा प्रश्न मला पडला आणि रात्रभर सुटला नाही, म्हणून सकाळी उठून हे पत्र लिहीत आहे.

मी आपल्याच भागातल्या एका कॉलेजच्या लायब्ररीत 31 वर्षे काम करून निवृत्त झाले. कॉलेजचे नाव लिहीत नाही, कारण तिथे माझ्या ओळखीची माणसे अजून नोकरीत आहेत.

आमची जुनी लायब्ररी चिऱ्याच्या भिंतींची आणि मंगळुरी कौलांची होती. ती गळत नव्हती असे मी म्हणणार नाही. गळायची. पण पाणी जिथे टपकायचे, त्याच्या वरचेच कौल फुटलेले असायचे. दर मे महिन्यात एक गडी शिडी लावून वर चढायचा, दोन दिवसांत फुटकी कौले काढून नवी सारायचा आणि खाली उतरायचा. त्याची मजुरी क्लार्क साहेब किरकोळ खर्चातून द्यायचे. माझे वडील खानापुरात कौलांच्या कारखान्यात कामाला होते. घरासाठी आणलेले प्रत्येक कौल ते बोटाच्या पेराने ठोकून बघायचे. खणखणीत वाजले तर भट्टी नीट लागली, बद्द वाजले तर ते पावसात पाणी पिणार. त्यांनी बाजूला काढलेले कौल कधी आमच्या घरावर चढले नाही.

मग नॅकची, म्हणजे कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या संस्थेची, समिती येणार म्हणून नवी इमारत निघाली. तळमजला ऑफिसला आणि प्राचार्यांच्या केबिनला, पहिला मजला कॉम्प्युटरला, आणि सगळ्यात वर, थेट स्लॅबखाली, लायब्ररी. पुस्तकांचे वजन किती असते आणि पाण्याला ती कशी भितात हे आम्हाला विचारावे असे कुणालाही वाटले नाही. वरचा स्लॅब मे महिन्याच्या अखेरीस घाईघाईने घातला. त्यावर पाणी मारून तो मुरवायचे दिवस नीट गेले नाहीत, गच्चीला उतार धड दिला नाही, आणि एवढ्या मोठ्या गच्चीचे पाणी उतरायला पाइप ठेवले दोन. पहिल्याच पावसाळ्यात छताला पोपडे आले. मी लेखी अर्ज दिले, एकदा नाही, तीनदा. प्रत्येक वेळी उत्तर एकच, ‘वॉटरप्रूफिंगचे एस्टिमेट वर पाठवले आहे.’

ऑगस्ट 2019 चा पाऊस आपल्या वाचकांना सांगायला नको. शाळा-कॉलेजे बंद, रस्ते बंद. चौथ्या दिवशी मी लायब्ररीचे कुलूप उघडले तेव्हा आत घोट्याएवढे पाणी होते. पालापाचोळ्याने ते दोन्ही पाइप बुजले होते, कडेच्या भिंतीमुळे गच्चीची टाकी झाली होती, आणि साचलेले पाणी स्लॅबमधल्या वायरिंगच्या नळ्यांतून वाट काढत पंख्याच्या हुकांतून खाली उतरले होते. गच्चीवर चीर एका कोपऱ्यात होती आणि धार लागली होती दुसऱ्या कोपऱ्यात. कौल जशी स्वतःची चूक दाखवते तसा स्लॅब दाखवत नाही. पाणी कुठून शिरते हे शोधण्यातच एक पावसाळा जातो.

त्या दुसऱ्या कोपऱ्यात मराठीची कपाटे होती.

लोखंडी कपाटात पाणी वरून शिरले की तळाच्या कप्प्यात साचते. खालच्या दोन ओळी पाण्यात उभ्या होत्या. आम्ही तिघांनी आणि एनएसएसच्या पाच-सहा पोरांनी सगळी पुस्तके खाली वर्गात नेली. पुस्तक भिजले की दोन दिवसांत बुरशी धरते, म्हणून पाने पंख्यासारखी पसरून उभी केली, मध्ये जुनी वर्तमानपत्रे घातली (त्यात आपलेही अंक होते), पण वीज नव्हती, पंखे नव्हते, आणि बाहेर ऊन नव्हते. गुळगुळीत कागदाची पुस्तके चिकटून विटा झाल्या. ॲक्सेशन रजिस्टरमध्ये, म्हणजे लायब्ररीत आलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद असते त्या वहीत, 340 नोंदींवर मी स्वतःच्या हाताने लाल रेघ ओढली.

त्यांतली पुष्कळशी पुस्तके पुन्हा विकत मिळाली असती. पण गावातल्या एका जुन्या शिक्षकांनी आम्हाला दिलेली एक चिकटवही होती. 1946 साली ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली बेळगावात साहित्य संमेलन भरले आणि त्यात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, त्या दिवसांची कात्रणे त्यांनी खळीने चिकटवून तारखा घालून ठेवली होती. खळ भिजली आणि सगळी पाने एकमेकांना लागली. मी ती महिनाभर टीपकागदात दाबून ठेवली. उघडली तेव्हा अक्षरे उलटी होऊन समोरच्या पानावर गेली होती. ते शिक्षक तेव्हा हयात होते. त्यांना सांगायला त्यांच्या घरी मी गेले, दुसरे कुणी गेले नाही. हे दुःख मला आजही आहे आणि ते मी लपवत नाही.

त्यानंतर काय झाले? स्लॅबवर लोखंडी खांब उभे करून पत्रे घातले. म्हणजे एका इमारतीला दोन छपरे, दोनदा टेंडर, दोनदा पैसे. बेळगावातल्या कोणत्याही उंच गच्चीवर उभे राहून चारी बाजूंना बघा. स्लॅबवर पत्रा, जिकडे तिकडे. लोकांनी आपल्या खिशातून शिकलेला हा धडा सरकारी नकाशात का उतरत नाही? उतरते छप्पर पहिल्याच दिवशी का देत नाहीत?

बेळगाव शहरात वर्षाला सव्वाशे सेंटीमीटरच्या आसपास पाऊस पडतो. खानापूर त्याहून ओले, आणि मलप्रभा जिथे उगम पावते त्या कणकुंबीच्या पावसाची तर गोष्टच वेगळी. त्याच जिल्ह्यात अथणीकडे 50-60 सेंटीमीटर झाला तरी लोक समाधान मानतात. अथणीला चालणारी इमारत खानापूरला चालत नाही, हे सांगायला इंजिनिअर कशाला हवा! पण नकाशा एकच येतो. काचेची भिंत तापली की एसी लावा, पाऊस आत आला की पत्रा लावा. आपल्याकडे चिरा आहे, खानापुरी माती आहे, खादी ग्रामोद्योगाची कुंभारकामाची संस्था खानापुरातच आहे. विद्यापीठाने या मातीकडे पाहायचेच नाही असे कुणी ठरवले आहे का?

कौले आता महाग पडतात, माकडे ती फोडतात, कारागीर मिळत नाहीत, हे मला कुणी सांगायला नको. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. कौलेच घाला असा माझा हट्ट नाही. उतार द्या. पुढे हात-दीड हात पावळी काढा. पाणी उतरायला पाइप पुरेसे ठेवा आणि ते मे महिन्यात साफ करण्याचे काम एका माणसाच्या नावावर लिहून ठेवा. आणि लायब्ररी शेवटच्या स्लॅबखाली ठेवू नका. गच्चीवर पडणारे पाणी नाल्यात सोडण्याऐवजी साठवा. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या आवारातली तळी बघून या, बेळगावाहून दोन तासांचा रस्ता आहे.

दुरुस्तीला पैसा नसतो हे उत्तर मी नोकरीभर ऐकले. रुसा या उच्च शिक्षणासाठीच्या केंद्राच्या योजनेत कॉलेजांना 2 कोटींचे अनुदान मिळाले तेव्हा त्यात 35 टक्के नव्या बांधकामाला, 35 टक्के जुन्याच्या नूतनीकरणाला आणि 30 टक्के साधनांना, अशी वाटणीच घालून दिली होती. म्हणजे दिल्लीत बसलेल्यांनाही कळत होते की जुने सांभाळणे हे नवे बांधण्याइतकेच मोठे काम आहे. आपल्याकडे नव्या कोनशिलेवर नावे कोरली जातात. दुरुस्तीवर कुणाचे नाव कोरत नाहीत, म्हणून ती होत नाही. मला याचा राग येतो आणि तो येणारच.

आता लिहायला बसलेच आहे तर आणखी एक. या सगळ्या नव्या इमारती गावाबाहेर, हमरस्त्यावर निघतात. जागा तिथेच मिळते हे मान्य. पण त्या गेटपाशी बस थांबते का, हे भूमिपूजनाच्या आधी कुणी पाहते का? माझी भाची रोज खानापूरहून जाते. जून 2023 पासून बायकांना बस मोफत झाली, हे फार चांगले झाले, तिच्या दोन मैत्रिणींचे शिक्षण त्यामुळेच सुटले नाही. पण गाड्या वाढल्या नाहीत. संध्याकाळी सव्वापाचला गेटवर पंचवीस-तीस मुली उभ्या असतात आणि भरलेल्या गाड्या समोरून निघून जातात. पावसात उभे राहायला तिथे शेड नाही. कोट्यवधींच्या इमारतीत दोन पत्र्यांची शेड बसत नाही, हे मला समजत नाही. मुलगी घरी पोचेपर्यंत आठ वाजतात, आणि मग गावातली माणसे तिच्या बापाला म्हणतात, कशाला शिकवतोस.

विद्यापीठाच्या बांधकाम समितीला माझी विनंती आहे की पुढच्या बैठकीला लायब्ररीतले एक माणूस बोलवा. अटेंडर बोलावला तरी चालेल, कपाटे तोच सरकवतो, पाणी आधी त्यालाच दिसते. 2019 मध्ये लिहिलेल्या त्या 340 पुस्तकांच्या यादीची एक प्रत माझ्याकडे आहे. कुणाला हवी असेल तर मी स्वतः आणून देईन. आणि वरचा स्लॅब एवढ्या वर्षी मे महिन्यात घालू नका. दिवाळी होऊ द्या, पाऊस पुरता जाऊ द्या, मग घाला आणि पंधरा दिवस त्यावर पाणी मारा.

आपली,
एक निवृत्त ग्रंथालय कर्मचारी, खानापूर
(पूर्ण नाव व पत्ता सोबत दिला आहे, कृपया छापू नये.)