तारखा मोजणाऱ्या वकील मॅडमना

आदरणीय वकील मॅडम,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे घालत नाही. खटला अजून सुरू आहे, आणि बाहेर काही लिहिलंत तर नाव, गाव, पोलीस ठाणं यातलं काही येता कामा नये, हे तुम्हीच मला बजावलं होतं. तेव्हा हे पत्र एका जिल्ह्याच्या लोक अभिरक्षक कार्यालयातल्या, म्हणजे आरोपींना मोफत सरकारी वकिली मदत देणाऱ्या कार्यालयातल्या, सहायक लोक अभिरक्षकांना आहे, एवढंच म्हणते. ते तुमच्यापर्यंत पोचेल. तुमच्या कार्यालयातले शिपाईकाका फोनवर आलेलं काहीही वाचायचं सोडत नाहीत.

निकाल लागल्यावर पेढे आणा, असं तुम्ही म्हणाला होता. पण आभार निकालापर्यंत शिल्लक ठेवणं मला पटत नाही. निकाल काय लागायचा तो लागेल. ज्याचे आभार मानायचे ते काम तुम्ही करून बसला आहात.

माझा धाकटा भाऊ वायरमन. ज्या फ्लॅटमध्ये त्याचं काम चालू होतं तिथले दागिने गेले आणि त्याच्यासकट हाताखालच्या पोरालाही पोलिसांनी उचललं. राहत्या घरातली चोरी, भारतीय न्याय संहितेचं कलम ३०५, सात वर्षांपर्यंत शिक्षा. त्या रात्री घरी जमलेल्या प्रत्येकाकडे सल्ला होता. सरकारने दिलेला वकील सरकारच्याच बाजूने बोलणार, हे आमच्या मामांचं मत. फुकटच्या वकिलाला काय पडलंय, हे इतर सगळ्यांचं. शिवाय मी पतसंस्थेत पगारदार, मग आम्हाला मोफत वकील मिळेलच कसा, हीही शंका होतीच. ती तुम्ही एका वाक्यात मोडून काढलीत: विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७, कलम १२, जो कोठडीत आहे त्याचं उत्पन्न कुणी विचारत नाही, त्याच्या बहिणीचं तर नाहीच. लोक अभिरक्षकांना खाजगी प्रॅक्टिस करता येत नाही, दिवसभर हेच काम असतं, हेही त्याच वेळी कळलं. मामा तरीही पटवून घ्यायला तयार नव्हते. असो.

पहिल्या रिमांडला, म्हणजे कोठडीसाठी दोघांना कोर्टापुढे उभं केलं तेव्हा, मी मागच्या बाकावर होते. न्यायाधीशांनी वकील आहे का विचारलं आणि तुम्ही उभ्या राहिलात. पहिल्यांदा हजर करतानाच आरोपीला मोफत वकिलाचा हक्क सांगणं हे मॅजिस्ट्रेटचं कर्तव्य आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१२मध्ये कसाबच्या खटल्यात सांगून ठेवलंय, हे मला पुढे तुमच्याकडूनच समजलं. ज्या माणसाची बाजू घ्यायला कुणी धजत नव्हतं त्याच्या निकालातली ओळ आज वायरमनच्या कामी येते, याचं मला अजून नवल वाटतं. तुम्ही उभ्या राहिलात आणि पहिलं काय विचारलंत, तर अटकेची कारणं लेखी दिलीत का, आणि हा दुसरा मुलगा झारखंडचा आहे, त्याला मराठी वाचता येत नाही, त्याला कोणत्या भाषेत दिलीत? नोव्हेंबर २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, तेही महाराष्ट्रातून गेलेल्या प्रकरणात, ही कारणं आरोपीला समजेल अशा भाषेत, लेखी द्या, आणि रिमांडसाठी हजर करण्याच्या किमान दोन तास आधी तरी ती त्याच्या हातात पडू द्या, असं सांगितलंय. त्या पोराच्या पाठीवर तेव्हा कुणाचाच हात नव्हता. पुढे दोघांची बाजू एकमेकांच्या आड येऊ शकते म्हणून त्याला प्राधिकरणाच्या पॅनेलवरचे वेगळे वकील मिळतील असं तुम्ही पाहिलंत.

आता मुद्द्याचं. तपास बाकी आहे म्हणून पहिला जामीन अर्ज फेटाळला गेला, तेव्हा आमच्या घरात रडारड झाली आणि तुम्ही डायरी काढून तारखा मोजायला बसलात. साठ दिवसांत दोषारोपपत्र, म्हणजे चार्जशीट, आलं नाही तर जामिनाचा हक्क मिळतो. बाररूममध्ये अजून सगळे याला जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या कलमावरून १६७च म्हणतात, कागदावर १ जुलै २०२४पासून ते तिच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १८७(३) झालंय. पण हा हक्क आपोआप पदरात पडत नाही. मुदत संपल्यावर आणि चार्जशीट दाखल होण्याआधी अर्ज पडला पाहिजे. मधली फट कधी काही तासांची असते. शिवाय पहिल्या रिमांडचा दिवस धरायचा की सोडायचा यावर वर्षानुवर्षं वाद होता. मार्च २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनी तो दिवस धरायचा असं ठरवून टाकलं. तपास अधिकाऱ्यांनी तो सोडून मोजलं होतं. त्यांच्या लेखी साठावा, तुमच्या लेखी एकसष्टावा. त्या दिवशी कोर्टाचं कामकाज सुरू होताच तुमचा अर्ज आत गेला, आणि आवकच्या शिक्क्याशेजारी क्लार्ककडून वेळही घालून घेतलीत. क्लार्क जरा कुरकुरले. दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर चार्जशीटचा गठ्ठा आला. युक्तिवाद फार झालाच नाही, त्या शिक्क्याने तो संपवला.

जामीन झाला म्हणजे माणूस सुटला, अशी आमची समजूत होऊ नये म्हणून तुम्ही जामीनदाराची कागदपत्रं मला आदल्या आठवड्यातच गोळा करायला लावली होती. रेशन कार्ड, घरपट्टीची पावती, पगाराचा दाखला. म्हणून भाऊ लगेच बाहेर आला. झारखंडचा मुलगा मात्र आदेश होऊनही आतच राहिला, कारण इथे त्याला जामीन राहणार कोण? स्थानिक जामीनदाराचा आग्रह टाळावा आणि महिन्याभरात जामीन भरता आला नाही तर अट शिथिल करण्याचा विचार न्यायालयाने स्वतःहून करावा, अशा सूचना सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३मध्येच दिल्या आहेत. कागदावर. त्या आदेशाची प्रत तुम्ही त्याच्या वकिलांच्या हातात ठेवलीत, आणि तो जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्याच हमीवर, सुटला. तो तुमचा अशील नव्हता. घरी परतण्याआधी तो आमच्याकडे जेवून गेला, हे तुम्हाला सांगायचं राहिलं होतं.

चार्जशीटच्या नकला मिळाल्या त्यात जप्तीच्या चित्रीकरणाची प्रत नव्हती. नव्या संहितेच्या कलम १०५प्रमाणे झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करावंच लागतं, म्हणून तुम्ही वेगळा अर्ज देऊन ती मागवलीत. त्यात काय आहे ते इथे लिहीत नाही, ते कोर्टासमोर येईल. पण तुम्ही ती बघत होता तेव्हा मी समोर होते. दहा सेकंद पुढे, थांबवायचं, परत मागे. कोर्टाच्या बोर्डाच्या, म्हणजे त्या दिवशीच्या खटल्यांच्या यादीच्या, पाठकोऱ्या कागदावर सेकंद लिहायचे. मध्ये चहा आला तो निवून गेला. एखाद्या चोरीच्या आरोपाकडे इतक्या बारकाईने कुणी पाहत असेल, असं मामांना सांगितलं तर त्यांना खरं वाटणार नाही. आणि या सगळ्यात "खरं सांगा, त्याने केलंय का?" असं तुम्ही मला एकदाही विचारलं नाहीत. बाकी सगळ्या गावाने विचारलं.

अजून एक. भाऊ आत असताना तुम्ही तुरुंगभेटीला यायचात तेव्हा बराकीतल्या ज्यांना तुम्ही नव्या संहितेच्या कलम ४७९चं सांगितलंत, त्यातल्या एकाचा मला फोन आला होता. आधी कधीच शिक्षा न झालेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल, गुन्हा फाशी-जन्मठेपेचा नसेल आणि दुसरे खटले नसतील, तर त्याच्या सुटकेसाठी तुरुंग अधीक्षकांनीच कोर्टाला लिहायचं असतं. जुन्या प्रकरणांनाही हे लागू आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४मध्ये स्पष्ट केलंय. त्या माणसाला ते माहीतच नव्हतं. त्याचा अर्ज गेला. त्याने नमस्कार सांगितलाय.

पुढच्या तारखेला मी येते आहे. तुम्ही मागितलेल्या हजेरी रजिस्टरवर ठेकेदाराची सही बाकी होती, ती काल झाली. मूळ प्रत आणि दोन झेरॉक्स आणते.

आपली नम्र,
तुमच्या अशिलाची मोठी बहीण