पिण्याचं पाणी तपासलं, पाटाचं कधी?

माननीय कृषिमंत्री महोदय,
स. न. वि. वि.

भूजलात उतरणारं विषारी आर्सेनिक म्हटलं की सरकारी यंत्रणेला हातपंप आठवतो. बांगलादेशात दूषित कूपनलिकांना लाल आणि चांगल्यांना हिरवा रंग दिला गेला. काम योग्यच होतं. पण माणसाने पिऊ नये असं ठरलेलं भूजल शेजारच्या पंपाने भाताच्या खाचरात सोडलं, तर त्याला कोणता रंग द्यायचा? तिथलं कोरड्या हंगामातलं बोरो भात तर मुख्यतः उपशाच्या पाण्यावरच उभं असतं.

खाचरात आठवडेच्या आठवडे पाणी तुंबलं की मातीतला प्राणवायू संपतो. एरवी लोहाच्या गंजाला चिकटून बसलेलं आर्सेनिक मग सुटतं आणि पाण्यात उतरतं. या रूपातल्या आर्सेनिकाला भाताची मुळं सिलिका समजून आत घेतात, आणि भात तर सिलिकाचं खादाड पीक. गव्हाच्या रानात पाणी असं उभं राहत नाही, म्हणून तिथे हे दुखणं एवढं नाही. तेव्हा पाण्यात आर्सेनिक किती, याच्याइतकंच ते पाणी किती दिवस उभं आहे, हेही विचारायला हवं.

उपशाचं पाणी खाचरात जिथे पडतं, तिथे वाकून पाहा. तांबूस साका दिसतो. लोह तिथे बसतं आणि आर्सेनिकही त्याच्यासोबत. म्हणून एकाच खाचरात तोंडाशी विष जास्त आणि पलीकडच्या बांधाशी कमी सापडतं. बांधावरून हात लांबवून उचललेल्या एका नमुन्यावर अहवाल लिहिला, तर तो काय खरा असणार?

उपाय माहीत नाही असंही नाही. आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने पाणी आलटून-पालटून द्यायची रीत रुजवली. भोकं पाडलेली नळी चिखलात रोवायची, आतली माती काढायची आणि नळीतलं पाणी जमिनीखाली 15 सेंमी उतरलं की पुढची पाळी द्यायची. फुलोऱ्यात मात्र खाचर सुकू द्यायचं नाही. पाणी वाचतं, मिथेन घटतो. आर्सेनिकासाठी कधी याहून जास्त सुकवावं लागतं, आणि इथेच खरी मेख आहे: माती सुकली की कॅडमियम हा दुसरा विषारी धातू मोकळा होतो आणि दाण्यात चढतो. म्हणून सरसकट फतवा काढू नका. आधी त्या जमिनीतलं कॅडमियम मोजा.

दाण्याची मर्यादा ठरलेली आहे. कोडेक्स या अन्नाची मानकं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाने 2014 मध्ये कोंडा काढलेल्या पांढऱ्या तांदळासाठी असेंद्रिय, म्हणजे जास्त विषारी रूपातल्या, आर्सेनिकाची किलोला 0.2 मिलिग्रॅम ही मर्यादा घातली. कोंड्यासकटच्या तांदळाला पुढे 0.35 दिली, कारण ते कोंड्यात जास्त साठतं. पण तांदूळ तपासून नापास करायचा आणि त्याला पाजलेल्या पाण्याची चौकशीच करायची नाही, हा म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

शेतकरी पाणी कोंडून ठेवतो तो आडमुठेपणाने नव्हे. आज खाचर सुकवलं आणि पुढची पाळी चुकली तर पीक जातं, ही भीती असते. शिवाय पाणीपट्टी क्षेत्रावर असेल, तर वाचवलेल्या पाण्याचा त्याला एक छदामही मिळत नाही. या दोन्ही गोष्टी बांधावर सुटत नाहीत, आपल्या टेबलावर सुटतात. सिंचनाच्या कूपनलिका तपासा, निकाल गावात लावा आणि पाळ्यांच्या तारखा लावणीआधी कळवून त्या पाळा. नळी आम्ही रोवतो.

आपला,
एक भात उत्पादक