आनुवंशिक त्वचारोगांचे निदान सोलापुरातच सुरू व्हावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सोलापूरच्या उन्हाळ्याविषयी आपल्या वृत्तपत्रात दरवर्षी सविस्तर लिहिले जाते. त्या लिखाणात सहसा न येणाऱ्या एका गटाकडे मला लक्ष वेधायचे आहे. जन्मतःच घर्मग्रंथी नसलेली किंवा अगदीच थोड्या असलेली काही मुले आपल्या जिल्ह्यात आहेत. पारा चाळिशीपुढे गेला की त्यांचे अंग भट्टीसारखे तापते आणि प्रसंगी जिवावर बेतते, कारण घामाने अंग निवण्याची जी सोय आपल्याला उपजत मिळाली आहे ती त्यांना नाही. या आजाराला हायपोहायड्रोटिक एक्टोडर्मल डिसप्लेशिया असे लांबलचक नाव आहे. विरळ व भुरे केस, मोजकेच दात, त्यांतही पुढचे दात सुळ्यासारखे टोकदार, कोरडी त्वचा आणि घामाचा अभाव ही त्याची ओळख. आजार दुर्मीळ असला तरी बालरोगतज्ज्ञ म्हणून या शहरात काम करताना अशी मुले माझ्यासमोर येतात, आणि बहुतेक वेळा ती फार उशिरा येतात.

तोवर काय घडते ते सांगतो. एप्रिल-मे महिन्यांत बाळाला पुनःपुन्हा ‘ताप’ येतो. मलेरिया, टायफॉइड, लघवी अशा तपासण्या होतात, प्रतिजैविके सुरू होतात, पॅरासिटामॉल दिले जाते आणि तरीही उतार पडत नाही, कारण हा ताप जंतूंमुळे आलेलाच नसतो. अंगातली उष्णता बाहेर पडायला वाट नसते. आई मात्र ओला पंचा बाळाच्या अंगावर टाकते, फरशीवर पाणी मारून त्याला तिथे निजवते आणि बाळ शांत होते. निदानाच्या दृष्टीने तिचे हे निरीक्षण लाखमोलाचे असते, पण ते केसपेपरवर क्वचितच लिहिले जाते. दात येत नाहीत म्हणून कॅल्शियमचे औषध सुरू होते आणि केस दाट यावेत म्हणून बाळाचे दोन-दोनदा टक्कल केले जाते.

या आजाराची खूण पटवण्यासाठी मुलाच्या त्वचेचा तुकडा काढण्याची गरज बहुतेक वेळा पडत नाही. डर्मोस्कोप हे मुठीत मावणारे, साधारण दहापट मोठे दाखवणारे आणि ध्रुवीकृत प्रकाश टाकणारे भिंग तळहातावर टेकवले की बोटांच्या ठशांत उमटतात तशा वळ्या दिसतात आणि त्या वळ्यांच्या माथ्यावर पांढरट ठिपक्यांची ओळ दिसते. यातला प्रत्येक ठिपका म्हणजे घाम बाहेर पडण्याचे तोंड. या आजाराच्या मुलाच्या तळहातावर वळ्या असतात, पण ठिपके नसतात किंवा अगदी तुरळक असतात. सुई टोचावी लागत नाही, भूल द्यावी लागत नाही, टाका घालावा लागत नाही. मूल आईच्या मांडीवर बसलेले असतानाच हे पाहून होते आणि मोबाईल जोडलेला असेल तर त्याचे छायाचित्रही जपून ठेवता येते.

याच्या पुढची पायरी म्हणजे रिफ्लेक्टन्स कन्फोकल मायक्रोस्कोपी. यात ८३० नॅनोमीटर तरंगलांबीचा, कमी शक्तीचा अवरक्त लेसर वापरून त्वचेचा वरचा सुमारे पाव मिलिमीटर खोलीपर्यंतचा भाग, वेगवेगळ्या पेशी ओळखू याव्यात इतक्या स्पष्टपणे, एकेका आडव्या थरात पडद्यावर दिसतो. जिवंत माणसाच्या त्वचेवर हे तंत्र कसे चालते हे ज्या संशोधनातून १९९५ साली जगापुढे आले, त्याचे पहिले लेखक मिलिंद राजाध्यक्ष होते, हे मराठी वाचकांना मुद्दाम सांगावेसे वाटते. मेलॅनिन हे रंगद्रव्य या प्रकाशात उजळून दिसते आणि चित्राला उठाव देते, हा त्या संशोधनाचा एक प्रमुख निष्कर्ष होता. पुढे परदेशात याच तंत्राने तळहातावरील घर्मनलिका मोजून या आजाराची मुले आणि आजाराच्या वाहक असलेल्या त्यांच्या माता यांचा अभ्यास झाला.

मातांचा उल्लेख मी हेतुपुरस्सर केला. या आजाराच्या सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारात सदोष जनुक एक्स गुणसूत्रावर असते. आई वाहक असेल तर प्रत्येक मुलग्याला आजार होण्याची शक्यता निम्मी असते. चार्ल्स डार्विन यांनी एकोणिसाव्या शतकातच सिंधमधील एका हिंदू कुटुंबाची नोंद केली होती. त्या कुटुंबात चार पिढ्यांतील दहा पुरुषांना दात व केस अत्यल्प होते आणि उन्हाळ्यात त्यांची त्वचा कमालीची कोरडी असे. मुलींना त्रास होत नसे, पण त्यांच्या मुलग्यांमध्ये तो उतरत असे. आजही अशा घरात दोष सुनेच्या माथी मारला जातो, म्हणून निदानासोबत समुपदेशन अपरिहार्य आहे. निदानाचा दुसराही उपयोग आहे. जर्मनीतील एर्लांगेन येथील डॉक्टरांनी या आजारात कमी पडणाऱ्या प्रथिनाचे इंजेक्शन गर्भजलात दिल्यावर जन्मलेल्या मुलांना घाम येऊ लागल्याचे २०१८ साली प्रसिद्ध केले. हा उपचार अजून प्रायोगिक असला तरी, घरातील आजाराचे नावच ठाऊक नसेल तर असल्या कुठल्याही उपचाराचे दार त्या कुटुंबासाठी उघडणार नाही.

इतर आजारांतही हेच लागू पडते. बाळाच्या अंगावर पांढरे चट्टे दिसले की जंत झाले, कॅल्शियम कमी पडले किंवा कोड आले असे सांगितले जाते. मात्र त्याच बाळाला आकडीही येत असेल तर अंधाऱ्या खोलीत वूड्स लॅम्पच्या अतिनील प्रकाशाखाली ते चट्टे पाहिलेच पाहिजेत, कारण ट्यूबरस स्क्लेरोसिस या, मेंदू, त्वचा व इतर अवयवांत गाठी होणाऱ्या आनुवंशिक आजाराची ती पहिली खूण असू शकते. अंग लालसर, सालपटे निघणारे आणि केस तुटके असलेल्या मुलाच्या भुवईचा केस डर्मोस्कोपखाली बांबूच्या पेरासारखा गाठाळलेला दिसला तर नेदरटन सिंड्रोम या त्वचा व केसांच्या आनुवंशिक आजाराचा संशय पक्का होतो. झीरोडर्मा पिगमेंटोसम या आजारात उन्हाने झालेली जनुकीय इजा दुरुस्तच होत नाही आणि वयाच्या दहा वर्षांच्या आतही त्वचेचा कर्करोग होऊ शकतो. अशा मुलाच्या चेहऱ्यावरील असंख्य ठिपक्यांपैकी प्रत्येकाचा तुकडा काढणे अशक्य असते. त्यांची ठरावीक काळाने छायाचित्रे घेऊन बदलणारा ठिपका वेळीच हेरणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे. हा आजार आई व वडील दोघांकडून सदोष जनुक आल्यास होतो, आणि मामाच्या किंवा आत्याच्या घरात सोयरीक करण्याची प्रथा असलेल्या आपल्या भागात अशा आजारांचा विचार डॉक्टरांच्या मनात आधी यायला हवा.

मी बायोप्सीच्या, म्हणजे तपासणीसाठी त्वचेचा तुकडा काढण्याच्या, विरोधात नाही. एपिडर्मोलायसिस बुलोसा या, नुसत्या घर्षणाने फोड येणाऱ्या आजारात त्वचेचा कोणता थर सुटतो आहे हे भिंगातून कळत नाही. त्यासाठी जनुकीय चाचणी किंवा इम्युनोफ्लुरोसन्स (चमकणारे रंग लावून त्वचेच्या तुकड्यातील प्रथिने पाहण्याची) तपासणीच करावी लागते. पण तिथेही विचार आधी आणि सुरी नंतर असा क्रम हवा. फॉर्मॅलिन या, तुकडे टिकवण्याच्या नेहमीच्या द्रावणात टाकलेला तुकडा इम्युनोफ्लुरोसन्स तपासणीला चालत नाही. एका बाळाचा तुकडा तसाच पाठवला गेला, तो निरुपयोगी ठरला आणि आधीच सोललेल्या त्या अंगावर दुसऱ्यांदा जखम करावी लागली, हे मी पाहिले आहे. प्रतिमा पाहून जनुकाचे नाव सांगता येत नाही, पण कोणते जनुक तपासायचे, तुकडा काढायचा की नाही आणि काढला तर कुठून, हे ठरवायला तिची मोठी मदत होते आणि पालकांचा खर्चही वाचतो.

माझी मागणी कन्फोकल यंत्र आजच विकत घ्यावे अशी नाही. डर्मोस्कोप आणि वूड्स लॅम्प यांचा खर्च जिल्ह्याला सहज झेपेल. मात्र यंत्र कपाटात असणे वेगळे आणि ते ठरलेल्या दिवशी, प्रशिक्षित हातांनी वापरले जाणे वेगळे. डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या सिव्हिल रुग्णालयात बालरोग व त्वचारोग या दोन विभागांची मिळून महिन्यातून एक ओपीडी केवळ अशा मुलांसाठी असावी आणि तिची सूचना अक्कलकोटपासून करमाळ्यापर्यंतच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांना लेखी जावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत आणि शाळांत मुले तपासतात. पण त्यांच्या यादीत त्वचेपुरते पाहिले तर खरूज, बुरशीजन्य संसर्ग आणि इसब एवढेच येते. दात, केस आणि घाम हे तीन प्रश्न एकत्र विचारायला या पथकांना शिकवले तरी यातली कित्येक मुले शाळेतच सापडतील. राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरण २०२१ साली आले. त्याखालील उत्कृष्टता केंद्रांत, म्हणजे दुर्मीळ आजारांसाठी नेमलेल्या संस्थांत, मुंबईचे केईएम रुग्णालय आणि हैदराबादचे निझाम्स इन्स्टिट्यूट ही दोन्ही आहेत आणि हैदराबाद तर आपल्याला मुंबईपेक्षा जवळ पडते. येथे काढलेली छायाचित्रे आणि रक्ताचा नमुना तिकडे जावा, मुलाला तिथवर नेण्याची वेळ शेवटी यावी, अशी व्यवस्था अवघड नाही.

एका बाबतीत मात्र आधीच काळजी घ्यावी लागेल. त्वचाप्रतिमांचे बहुतेक संदर्भग्रंथ गोऱ्या त्वचेवर बेतलेले आहेत. तिथे जे लाल दिसते ते आपल्याकडे तपकिरी किंवा जांभळट दिसते, त्यामुळे आपल्या मुलांच्या प्रतिमांचा स्वतःचा संग्रह उभा राहणे गरजेचे आहे. तो उभा करताना पालकांची मराठी, कन्नड किंवा तेलुगू, जी भाषा त्यांना समजते त्या भाषेत लेखी संमती घ्यावी, चेहरा ओळखू येईल असे छायाचित्र अत्यावश्यक असल्याशिवाय काढू नये आणि काढलेले कोणतेही छायाचित्र डॉक्टरांच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरता कामा नये. महाविद्यालयाचे अधिष्ठाता आणि जिल्हा आरोग्य अधिकारी यांनी अशी ओपीडी कधीपासून सुरू करता येईल हे आपल्या वृत्तपत्रातूनच जाहीर केल्यास ते खेड्यापाड्यांतील पालकांपर्यंत सर्वांत लवकर पोहोचेल.

आपला विश्वासू,
एक बालरोगतज्ज्ञ, सोलापूर
(रुग्णांची ओळख पटू नये म्हणून माझे नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)