पैलवान, तुझा हिशोब चुकतोय

प्रिय पैलवान,

फोनवर तुझ्या तंबाखू-माव्याचा आणि बीअरचा विषय काढला की तू "बरं बरं, बघू, तिकडं पाऊस हाय का" म्हणून ठेवून देतोस, म्हणून हे लांबलचक पत्र लिहून पाठवतोय. निवांत वाच, बांधावर बसून वाच, पण वाचता वाचता खिशातली पुडी काढू नको म्हणजे झालं.

पुतण्याच्या लग्नात तुझ्याशेजारी जेवायला बसलोतो तेव्हाच बोलणार होतो पण पाहुणे होते. अख्खा पेढा एका घासात टाकणारा तू, जिलेबीचे तुकडे करून आत ढकलत होतास. ठेचा ताटाच्या कडेला सारलास आणि वहिनींनी विचारलं तर म्हणालास उष्णता झालीय, तोंड आलंय. लेका, तोंड आलं तर आठ-दहा दिवसांत जातं, तुझं दिवाळीपासून आलेलंय. आणि तोंड आल्यावर जबडा कमी उघडत नाही. मिरजेत हॉस्पिटलांच्या गल्लीत मेडिकल चालवतो मी, असं बारीक तोंड करून "काहीतरी जेल द्या" म्हणणारी माणसं रोज काउंटरला येतात, त्यातली काही पुढं वर्षा-दोन वर्षांनी नाकातल्या नळीतून द्यायच्या पावडरीचा डबा न्यायला येतात. म्हणून गप्प बसवत नाही.

आता एक कर. आरशासमोर उभा राहा आणि आपली तीन बोटं, पहिलं मधलं आणि त्याच्या शेजारचं, एकावर एक उभी धरून तोंडात घाल. चांगल्या माणसाची सहज जातात. तुझी दोनच जात असली तर ते उष्णतेचं काम नाही. दुपारच्या जेवणानंतर जो मावा खातोस ना, त्यातल्या सुपारीचं ते काम आहे. सुपारीत अरेकोलिन नावाचा पदार्थ असतो, त्यानं गालाच्या आतल्या कातडीखाली तंतू साठत जातात, गाल आतून ताठ होतो, पांढरट पडतो, दोरीसारखे पट्टे हाताला लागतात, तिखट सोसवत नाही आणि मग हळूहळू तोंड मिटत जातं. डॉक्टर लोक याला ओएसएमएफ म्हणतात. हे पूर्ण मागं फिरत नाही, पण सुपारी थांबवली तर पुढं वाढायचं बरंच थांबतं, व्यायाम आणि औषधांनी थोडं उघडतंही. आणि यातल्या काही जणांना पुढं त्याच गालात कॅन्सर होतो. सगळ्यांना नाही, उगाच घाबरवत नाही तुला. पण कुणाला होणार हे आधी सांगता येत नाही म्हणून दाखवत राहावं लागतं.

तुझा हिशोब मला पाठ आहे. मी सिगरेट ओढत नाही, गुटखा खात नाही, देशीला शिवत नाही, नुसती तंबाखू-चुना, जेवल्यावर मावा, आणि शनिवारी दोन बीअर. हा हिशोब चुकतोय बघ, आणि तो एकट्या तुझाच चुकतोय असं नाही. २०१६-१७ चा तंबाखूचा मोठा सरकारी सर्व्हे झाला त्यात आपल्या राज्यात धूर ओढणारी मोठी माणसं होती ३.८ टक्के आणि तंबाखू तोंडात ठेवणारी, चघळणारी, घासणारी होती २४.४ टक्के. म्हणजे महाराष्ट्राची तंबाखू ही फुफ्फुसात कमी आणि गालात जास्त जाते. धूर नाही, वास नाही, घरात बसून पण खाता येतं, म्हणून कुणाला ते व्यसन वाटतच नाही. देशातल्या पुरुषांत तोंडाचा कॅन्सर एक नंबरला आहे तो काय हवेतनं आला? २०१२ ला गुटखाबंदी झाली तर लोकांनी पानमसाल्याची पुडी वेगळी आणि तंबाखूची वेगळी घेऊन तोंडात एकत्र करायला सुरुवात केली, टपरीवाल्याचं काय बी बिघडलं नाही.

आता चुन्याचं सांगतो, हे तुला माझ्यापेक्षा चांगलं कळेल. बागेवर फवारायचं बोर्डो करताना मोरचुदात चुना किती घालायचा, पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीचं माप, किती झाला, लोखंडाचं पातं बुडवून तांबूस होतंय का, हे सगळं तू डोळ्यात तेल घालून बघतोस, पीएच बिघडला तर बाग जळते म्हणून. तळहातावर तू रोज तेच मिश्रण करतोस. तंबाखूत निकोटीन असतं ते आम्लात असलं की कातडीतून फारसं आत जात नाही, चुन्यानं पीएच वर गेला की ते मोकळं होतं आणि गालातून सरळ रक्तात. म्हणून बिनचुन्याची तंबाखू तुला "लागत" नाही. चुना वर आणि गालाची कातडी सोलून ठेवतो, त्या सोललेल्या जागेवर तंबाखूतली कॅन्सर करणारी नायट्रोसामाइन्स तासभर बसून राहतात, रोज त्याच खोबणीत, डाव्या बाजूला. आपल्याकडं कॅन्सर नेमका त्याच ठिकाणी जास्त निघतो, गाल आणि हिरडी यांच्यामधल्या खाचेत. (जुने लोक तंबाखूचा काढा पिकावर कीड मारायला फवारायचे, तुझ्या आजोबांनीच सांगितलेलं आपल्याला.)

आणि बीअर. तू म्हणतोस बीअर म्हणजे बार्लीचं पाणी. स्ट्राँगची ६५० ची बाटली घे, ८ टक्के म्हणजे ५२ मिली शुद्ध अल्कोहोल, वजनात साधारण ४१ ग्रॅम. व्हिस्कीचा ३० मिलीचा छोटा पेग म्हणजे १० ग्रॅम. म्हणजे तुझी एक बाटली चार पेगांची, दोन बाटल्या आठ पेगांच्या. अख्खी क्वार्टर सहा पेगांची होते. क्वार्टर मारणाऱ्या आपल्या त्या वर्गमित्राला तू बेवडा म्हणतोस आणि स्वतः त्याच्यापेक्षा जास्त पिऊन "मी फक्त बीअर" म्हणत घरी जातोस.

बरं शनिवारी पिताना तंबाखू थांबते का? उलट वाढते. इथंच खरी गडबड आहे, तू दोन्ही वेगवेगळ्या वहीत मांडतोस आणि तोंडात ती एकत्र असतात. दारूनं तोंडाचं, घशाचं अस्तर सैल पडतं आणि तंबाखूतलं विष जास्त आत मुरतं. शिवाय दारूचं शरीरात ॲसिटाल्डिहाइड होतं, ते नुसतं लिव्हरमध्ये होत नाही, तोंडातले जंतू पण थुंकीत ते करतात, आणि ते स्वतःच कॅन्सर करणारं आहे. त्यामुळं दोन्ही करणाऱ्याचा तोंडाचा, घशाचा, अन्ननलिकेचा धोका एक अधिक एक दोन असा वाढत नाही, गुणाकारानं वाढतो. थोडी प्यायली तर चांगली असते, हार्टला बरी असते असं जे तू मला फॉरवर्ड केलतंस ते डिलीट कर. जागतिक आरोग्य संघटनेनं जानेवारी २०२३ मध्ये सरळ सांगितलं की दारूचं कुठलंच प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही.

तू लगेच म्हणणार, शरद पवारसाहेबांना पण झालता की, हायत की अजून. हो, २००४ ला त्यांचं तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं आणि त्यानंतरही त्यांनी राज्यभर दौरे केले. पण ते ऑपरेशन, दात काढणं, तोंड उघडता न येणं, गिळताना होणारा त्रास, हे त्यांनीच जाहीर कार्यक्रमात सांगितलंय, कुणीतरी चाळीस वर्षं आधी सावध करायला हवं होतं असंही. आणि तू साहेबांचंच का नाव घेतोस? अंजनी तुझ्या गावापासून किती लांब आहे? आर. आर. आबा आपल्याच तालुक्याचे. गृहमंत्री राहिलेला माणूस, मुंबईत मोठ्यातलं मोठं हॉस्पिटल, तरी १६ फेब्रुवारी २०१५ ला तोंडाच्या कॅन्सरनं गेले, वय ५७. त्या दिवशी तू ढसाढसा रडलेलास आणि संध्याकाळी दुकान उघडल्यावर पहिली पुडी तूच घेतलीस. टोमणा म्हणून नाही लिहीत, सवय अशीच असते, रडून सुटत नाही.

लिव्हरचं थोडक्यात. "माझे एलएफटी नॉर्मल आलेत" म्हणून लिव्हरच्या रक्ततपासणीचा तो कागद नाचवू नको. लिव्हरला चरबी धरली तरी रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो आणि लिव्हर दुखत नाही, पार आकसायला लागेपर्यंत ते गप काम करत राहतं. चरबीच्या टप्प्यावर दारू थांबवली तर ते बऱ्यापैकी सुधारतं, आकसून सिरॉसिस झाल्यावर तसं होत नाही. रविवारी सकाळी डोकं धरलं की पॅरासिटॅमॉल गिळतोस ते पण कमी कर, दारू पिणाऱ्याच्या लिव्हरला त्याचा जास्त ताण पडतो. आणि बीपीची गोळी माझ्याकडूनच नेतोस, सकाळी गोळी आणि लगेच वर चिमूट! निकोटीन बीपी चढवतं, दारू पण चढवते, मग गोळीचा डोस वाढवला की कंपनीला शिव्या देतोस.

तुझ्या थोरल्या भावाबद्दल वेगळं लिहितो कारण त्याची गोष्ट वेगळी आहे. दादा रोज पितो, सकाळी हात थरथरतात, हे तूच बोललास. आषाढीला माळ घालून बंद करणार म्हणतोय. माळेनं पुष्कळ जणांची सुटलीय, मी तिला नावं ठेवत नाही, पण रोज भरपूर पिणाऱ्यानं एका रात्रीत बंद केली तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी झटके येऊ शकतात, भ्रम होतो, माणूस भिंतीवरचे किडे वेचायला लागतो, यात जीव पण जातो. लोक म्हणतात बाहेरचं झालं, आणि देवऋष्याकडं नेतात. तसं करू नका. आधी डॉक्टरला दाखवा, पहिले दिवस औषधाखाली काढा, बी-वन व्हिटॅमिनची इंजेक्शनं लागतात, मग माळ खुशाल घाला. पुण्यात मुक्तांगण आहे, १९८६ पासून हेच काम करतायत, तिथं न्यायची तयारी असेल तर मी दादाशी बोलतो, माझं ऐकतो तो.

तुझ्यासाठी आधी तोंड दाखवणं. सांगलीत डेंटल कॉलेज आहे, ओपीडी सकाळची. पट्टा दिसला तर छोटा तुकडा काढून तपासतील, बायोप्सी म्हणतात त्याला. आता गावात पक्कं आहे की गाठीला चाकू लावला की कॅन्सर पसरतो, म्हणून माणसं सहा महिने झाडपाल्याचा लेप लावत बसतात आणि मग तेवढ्या वेळात तो खरंच पसरतो, आणि नाव बायोप्सीचं. तुकडा काढल्यानं पसरत नाही. लवकर सापडला तर ऑपरेशन लहान, उशीर झाला तर जबडा, मानेतल्या गाठी, रेडिएशन. जनआरोग्य योजनेत बसतं त्यामुळं पैशाचं कारण सांगू नको.

सोडताना पहिले दोन-तीन दिवस वाईट जातील, चिडचिड, झोप नाही, सकाळी पोट साफ होत नाही (मला माहितीय तुझी खरी भीती हीच आहे, तंबाखूशिवाय संडास होत नाही, इसबगोल देतो, पाणी पी). दोन-चार आठवड्यांत बरंच निवळतं. तलफ आली की ती काही मिनिटंच राहते, तेवढा वेळ फवारणीचा पंप धू, कुणाला तरी फोन लाव. निकोटीनची च्युइंगम मिळते पण ती गाईसारखी रवंथ करायची नसते, चार-पाच वेळा चावायची, झिणझिण्या आल्या की गालात ठेवून द्यायची, परत थोड्या वेळानं चावायची. आणि तिच्या आधी पंधरा मिनिटं चहा नाही, चहानं तोंड आम्लाकडं जातं आणि निकोटीन आत जात नाही, पीएच म्हणलं ना. तुझं तोंडच उघडत नसेल तर चघळण्यापेक्षा दंडावर लावायचा पॅच बरा, ते डॉक्टरला बघून ठरवू. पुडीवर १८०० ११ २३५६ नंबर छापलेला असतो, फुकट आहे, समोरचा माणूस शिव्या देत नाही, नीट बोलतो. आणि तंबाखू सोडून नुसती सुपारी चघळायची शक्कल लढवू नको, सुपारी एकटी पण कॅन्सर करते, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं २००४ लाच तिला कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या यादीत घातलंय. बडीशेप खा, लवंग धर.

काकूंच्या मशेरीला आत्ता हात लावू नको, सत्तरीच्या बाईशी भांडून काही होत नाही. फक्त त्यांचं पण तोंड एकदा बघून घेऊ. सुनेला मात्र मशेरी लावू देऊ नका, पोटातल्या पोराचं वजन कमी भरतं त्यानं.

मंगळवारी ये. सोमवारी गर्दी फार असते. दुकान पोराच्या ताब्यात देऊन मी बरोबर येतो. वहिनींना सांगू नको म्हणालास, नाही सांगितलं अजून, पण मंगळवारी नाही आलास तर बुधवारी सांगणार, हे आधीच कळवून ठेवतो.

तुझा,
मेडिकलवाला

ता. क. बीपीची फाईल आणि आधारकार्ड, रेशनकार्ड आण. बेदाणा पण आण अर्धा किलो, हिरवा, मागच्या वेळचा फार आंबट होता.