आगीचं कारण दरवेळी शॉर्टसर्किटच कसं?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

थर्माकोलच्या गोडाऊनला आग लागली की बातमीत शेवटी एकच ओळ असते, शॉर्टसर्किटचा अंदाज. मी इथल्या एमआयडीसीत १४ वर्षं थर्माकोलच्या युनिटवर काढलीत, ती ओळ वाचली की जिवाला लागतं, म्हणून लिहितोय.

थर्माकोल कारखान्यात पोत्यातनं येतो, साखरेसारखे बारीक दाणे, स्टायरीनपासून बनवलेले, आणि त्यात ५-६ टक्के पेंटेन, म्हणजे पेट्रोलसारखं भुर्रकन उडणारं आणि पेट घेणारं रसायन, कोंडलेलं असतं. वाफ दिली की ह्या पेंटेनमुळंच दाणा फुगतो, पार ४० पटीपर्यंत. मग दाणे सायलोत, म्हणजे मोठ्या साठवण टाकीत, मुरवायचे, साच्यात परत वाफ देऊन ब्लॉक पाडायचा आणि गरम तारेनं शीट कापायची. आता पेंटेन उकळतं ३६ डिग्रीला आणि सोलापूरचा मे महिना ४२-४३ चा, वर पत्र्याचं शेड! दुपारी पोतं सोडलं की पेट्रोलसारखा भपकारा नाकात जातो. हा गॅस हवेपेक्षा जड, वर जातच नाही, फरशीवर पाण्यासारखा पसरून बसतो, मग छताजवळ एक्झॉस्ट फॅन लावून काय उपयोग?

एका उन्हाळ्यात ऑर्डरची घाई म्हणून आदल्या दिवशीचे ताजे ब्लॉक, ज्यातनं पेंटेन अजून निघतच असतं, बंद खोलीत रचले आणि सकाळी दार उघडून तिथंच तार चालू केली. निळसर जाळ घोट्याएवढ्या उंचीनं फरशीवरनं सर्रकन दारापर्यंत गेला, माझ्या नडगीवरचे केस जळाले, शेजारच्या पोराची पँट पेटली, ओलं गोणपाट टाकून विझवली. रजिस्टरला काय लिहिलं? शॉर्टसर्किट.

२०१८ ला थर्माकोलची ताटं, मखरं बंद झाली ते चांगलंच झालं, पण कोल्ड स्टोरेजची शीट, पॅकिंग हा माल निघतोच आणि तिथं पोरं राबतातच. तपासणीला येणाऱ्या साहेबांनी नुसती आग विझवायच्या लाल सिलिंडरवरची तारीख बघून जाऊ नये. भिंतीला जमिनीलगत झरोके आहेत का, तारेची खोली वेगळी आहे का, पोती सावलीत तोंड बांधून ठेवलीत का, हे वाकून बघावं. आणि तुमच्या वार्ताहरानंही पुढच्या वेळी एवढं विचारावं, आग लागली तेव्हा तार चालू होती का.

आपला,
एक कामगार वाचक, अक्कलकोट रोड, सोलापूर