सूचना: छापील व्हिनाईल लावण्यापूर्वी ठेवण्याबाबत

सर्व सभासदांस कळविण्यात येते की, काचा, भिंती किंवा गाड्यांसाठी छापलेले मोठे व्हिनाईल (मागे चिकट थर व त्यावर कागद असलेली प्लास्टिकची पातळ फिल्म) लगेच लावायचे नसल्यास त्याची घडी न घालता, छपाईची बाजू बाहेर ठेवून ते किमान 3 इंची पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळावे. छपाई आत गेल्यास व्हिनाईल मागच्या कागदापासून सुटून फुगते आणि त्या सुरकुत्या लावतानाही त्रास देतात. सॉल्व्हंट (वाळताना उडून जाणारे द्रावक) किंवा त्याच्या सौम्य प्रकारातील इको-सॉल्व्हंट शाईचे काम लॅमिनेशनपूर्वी, म्हणजे वर पारदर्शक संरक्षक फिल्म चढवण्यापूर्वी, किमान 24 तास मोकळे वाळू द्यावे. घाईच्या ऑर्डरमध्ये नेमके हेच टाळले जाते, आणि मग शाईतला सॉल्व्हंट आत अडकून चिकट थर बिघडवतो.

रोल उभे ठेवावेत, कारण आडव्या ढिगाखालचा रोल चपटा होतो. पावसाळ्यात मागचा कागद दमट हवा शोषून कडांना लाटा आणतो, म्हणून माल प्लास्टिकमध्ये बंद करून जमिनीपासून उंच ठेवावा. पत्र्याच्या शेडमधला पोटमाळा उन्हाळ्यात भट्टीच असतो. तो सोयीचा वाटला तरी वापरू नये. ट्रान्सफर टेप (अक्षरे उचलून जागेवर लावण्यासाठीची चिकटपट्टी) लावलेली, व्हिनाईलमधून कापलेली अक्षरे मात्र गुंडाळून न साठवता सपाट ठेवावीत व लवकरात लवकर लावून टाकावीत.

— सचिव